म्हणीआधीची परवानगी

फेब्रुवारी लागला की नाशिकमध्ये जागोजागी द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात, आणि माझ्या नाकात वास येतो तो जुन्या वर्तमानपत्रांचा. द्राक्षाला तसा फारसा वास नसतोच. पण पिंपळगाव बसवंतला आमचं छोटं पॅकहाउस होतं. तिथे पेट्यांच्या तळाशी कागदाच्या कातरणाची गादी घालायचे, आणि हंगामाचे दोन महिने आमच्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्यांनासुद्धा तोच शाईचा आणि धुळीचा वास असायचा. लग्न होऊन मी नाशिकला आले, शाळेत शिकवायला लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी फेब्रुवारीत तो वास बरोबर येतो.

यंदा त्याच्या जोडीला एक डायरी आली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खताच्या दुकानातून दरवर्षी फुकट डायरी मिळते आणि ती ते मला देतात. यंदाच्या डायरीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलाय. फेब्रुवारीतल्या एका पानावर असंच एक वाक्य आणि खाली बारीक अक्षरात ‘आफ्रिकन म्हण’. मला एकदम रागच आला. आफ्रिका म्हणजे काय चार घरांची वस्ती आहे? तिथल्या कुठल्या माणसांची, कुठल्या भाषेतली, कुणी कुणाला कशासाठी म्हटलेली, काही पत्ता नाही. आमच्या आत्याच्या तोंडचं वाक्य उचलून त्याखाली कुणी ‘आशियाई म्हण’ असं छापलं असतं तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता.

हा राग मूळचा माझा नाही, तो कुन्लेचा. कुन्ले नायजेरियाचा, इबादान शहरातला, योरुबा लोकांतला. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नाशिकला इंजिनिअरिंग करत होता, कुन्ले त्याच्या वर्गात. शेवटच्या वर्षी दोघांनी मिळून शीतगृहावर प्रोजेक्ट घेतलं आणि नव्वदचं दशक सरता सरता, एका द्राक्षाच्या हंगामात तो दोन महिने आमच्याकडे राहायला आला. पहिल्या दिवशी अर्धा गाव काही ना काही निमित्त काढून आमच्या अंगणात डोकावून गेला. चौथ्या दिवशी त्याने मिरचीचा ठेचा डोळ्यांतून पाणी न काढता खाल्ला आणि आईने त्याला घरातला म्हणून पास करून टाकलं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लोकसाहित्याचा पेपर होता, त्यामुळे जो दिसेल त्याच्याकडून गाणी, उखाणे, म्हणी उतरवून घ्यायचं खूळ डोक्यात शिरलेलं. त्यात हा माणूस असा, की बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि आपल्या भाषेत एक म्हण टाकायचा, मग इंग्रजीत तिचा ओबडधोबड अर्थ. मला घबाडच सापडल्यासारखं झालं.

पण त्या हंगामाची आठवण आली की म्हणींच्या आधी आत्या आठवते. त्या दोन महिन्यांत तिचं आमच्या घरातलं राहणंच पणाला लागलं होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण, तेव्हा पन्नाशीला आलेली. लग्नानंतर पाच वर्षांनी नवऱ्याने दुसरी बायको केली, तेव्हा माहेरी आलेली ती इथेच राहिली. पॅकहाउसमध्ये घड निवडायला बसणाऱ्या बायकांवर तिचीच हुकमत होती. घड धरायचा तो देठाला. मण्याला बोट लागलं की वरची पांढुरकी लव पुसते आणि माल शिळा दिसतो. नव्या बाईचं बोट चुकलं की आत्या असं काही बोलायची, की बाकीच्या हसायच्या आणि ती बाई पुन्हा चुकायची नाही. घरात मात्र पाहुणे आले की आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तसंच होतं.

कुन्ले आला त्याच आठवड्यातली गोष्ट. कामावरून येऊन आम्ही सगळे ओट्यावर चहा घेत होतो. कुन्लेला काहीतरी सांगायचं होतं. तो थांबला, सगळ्यांकडे पाहिलं, मग उठून आत्यासमोर वाकला, दोन्ही हातांची बोटं जमिनीला लावली, काहीतरी पुटपुटला आणि तसाच थांबून राहिला. आईला वाटलं याचं काही सांडलं. ती फडकं आणायला उठलीसुद्धा.

मग त्याने मला समजावून सांगितलं. त्याच्याकडे लहानाने मोठ्यांच्या देखत म्हण वापरायची तर आधी माफी मागावी लागते. आता मी बोलेन ते म्हणीसारखं लागेल, तुमच्याहून शहाणा असल्याचा आव मी आणत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचं. मग बसलेल्यांतलं सगळ्यात वडील माणूस परवानगी देतं. नुसती नाही, आशीर्वादासकट, की तू जगशील आणि अशा पुष्कळ म्हणशील. तोवर तोंडातली म्हण तोंडातच ठेवायची.

मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “मला कशाला इचारतो? अण्णाला इचार म्हणावं.”

“आत्या, तू मोठी आहेस ना अण्णांहून.”

“हाय तर काय झालं?”

कुन्ले वाकलेलाच. त्याची पाठ दुखायला लागली असणार. शेवटी आत्याने पदर नीट केला, घसा साफ केला आणि म्हणाली, “बोल बाबा. अजून लय बोलशील.” तो जे बोलला त्यातलं तिला अवाक्षर कळलं नाही, पण मी अर्थ सांगायच्या आधीच ती हसली आणि तिने आपल्याकडची एक म्हण त्याच्यावर टाकली. मी दोन्हींचा अर्थ दोघांना सांगितला. दोन्ही एकाच गोष्टीबद्दल होत्या. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, “चालीवरनं कळतं. आधी वर जातंय, मग जरा थांबतंय, मग खाली येतंय. आपल्यात बी तसंच.”

त्या दिवसापासून दोघांचं ते रोजचंच झालं. आत्या त्याला शेवटपर्यंत ‘कुणाल’च म्हणाली, तोही त्या हाकेला ओ द्यायचा.

माझी वही भरत चालली. पंधरा दिवसांत तीसेक म्हणी झाल्या. क्रमांक, म्हण, अर्थ, सगळं झकास रेघा मारून. एकदा मोठ्या अभिमानाने ती वही मी कुन्लेला दाखवली. त्याने सगळी वाचली आणि एका क्रमांकावर बोट ठेवलं.

“ही कुणी म्हटली?”

“तूच.”

“कुणाला?”

“दादाला बहुतेक.”

“तो तेव्हा काय करत होता?”

मला आठवेना.

“मग तुझ्याकडे काय आहे?” त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

एवढं लागलं मला ते! मी वही ओढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सरळ कातरणाच्या रद्दीत टाकली. कुणातरी गिऱ्हाइकाच्या द्राक्षांखाली इबादानच्या तीस म्हणी पसरल्या गेल्या असणार. राग उतरल्यावर मला त्याचं म्हणणं पटायला लागलं. दादाची म्हण मला मागाहून आठवली. शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि दादा मेकॅनिकला वाट्टेल ते बोलत होता. कुन्ले दादाच्या कानाशी ती म्हण म्हणाला. बरोबरीचा असल्यामुळे परवानगीची गरज नव्हती. दादा हसला आणि स्वतः जाऊन मेकॅनिकला चहा घेऊन आला. आणि तीच म्हण आठवड्याने कुन्लेने मला ऐकवली, ती मात्र सरळसरळ चिमटा काढायला. शब्द तेच. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं.

मी नवी वही घातली. त्यात फक्त लिहायचं, कुणी, कुणाला, कधी, का. शब्द नंतर लिहू म्हणून जागा सोडत गेले आणि ती जागा तशीच राहिली. म्हणून आज माझ्याकडे प्रसंगांची वही आहे आणि तिच्यात एकही म्हण नाही. परीक्षेत मला तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

अर्थ सांगायचंही त्याने हळूहळू बंद केलं. मी मागे लागायचे. तो म्हणायचा, “तू लहान मूल नाहीस. मी समजावून सांगितलं तर तुझा अपमान होईल.” आपण कुणाला भाकरीचा घास चावून भरवत नाही, तसंच काहीतरी ते असावं. मी चडफडायचे, पण मग तासन्‌तास विचार करत बसायचे, आणि कळलं की इतका आनंद व्हायचा, की निवडत असलेला घड हातातच राहायचा.

त्याच्याकडे म्हणी नुसत्या बोलत नाहीत, वाजवतातही. त्याची भाषाच चढउताराची, एकच शब्द वरच्या सुरात एक आणि खालच्या सुरात भलताच. त्यामुळे तो चढउतार ढोलावर काढला की ऐकणाऱ्याला शब्द न उच्चारताच म्हण कळते. दुपारच्या सुट्टीत तो क्रेट पालथा घालून, एका कडेवर उंच आणि मध्यावर खोल असा आवाज काढत म्हणी वाजवायचा. बायका विचारायच्या, “आता काय म्हणला?” तो कपाळाला हात लावायचा. बायका खो खो हसायच्या.

आत्याला सगळ्यात आवडली ती कापडाची गोष्ट. त्याची एक आत्या बाजारात कापड विकायची. तिथल्या छापील कापडांना नावं असतात आणि कित्येक नावं म्हणजे म्हणीच. घाना देशात तर हे फार, असं तो म्हणाला. कुणाशी बिनसलं की बाई योग्य ते कापड नेसते आणि तिच्या दारावरून दोनदा चालत जाते.

आत्या ऐकून चकितच झाली. “म्हंजे भांडायला तोंड उघडायचं कामच नाय!” मग जरा वेळाने म्हणाली, “आणि काय सांगायचंय ते आपल्यालाच माहीत नसलं, तर कुठलं नेसायचं?”

हे मी कुन्लेला सांगितलं नाही. मला ते गमतीचं वाटलं नाही आणि का वाटलं नाही तेही कळेना.

मार्चच्या सुरुवातीला निरोप आला. आत्याच्या नवऱ्याला लकवा झाला होता. दुसरी बायको आधीच वारलेली, मुलगे कामाला मुंबईत. आत्याचे दीर रविवारी आमच्याकडे येणार होते, तिला सासरी न्यायचं बोलायला. लासलगावच्या पुढचं गाव त्यांचं. घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. आई म्हणाली, शेवटी नवरा आहे. अण्णा म्हणाले, पाव्हण्यांना येऊ दे, मग बघू. आत्या घड निवडत होती. आणि मी? मीही तिला काही विचारलं नाही. तिला काय हवं ते मला ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते. ही गोष्ट मला आजही टोचते.

रविवारी दुपारी दीर आणि त्यांच्याबरोबर दोन म्हातारे आले. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. कुन्ले आणि दादा कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर, मी त्यांच्याजवळ उभी. आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड, चहाचं पातेलं घेऊन.

अण्णांनी सुरुवात जोरात केली. “पंचवीस वर्सांपूर्वी तुमची माणसं आली होती न्यायला. दोघी नांदतील म्हणं. मी दारातनं वापस धाडली होती, ठाऊक हाय ना?”

“तवाची गोष्ट येगळी होती,” दीर म्हणाले. “आता माणूस खाटेवर हाय, अण्णा.”

“बाईचं घर शेवटी तेच,” एक म्हातारा म्हणाला. “हितं काय, भावाच्या जिवावर.”

अण्णा जमिनीकडे बघायला लागले. त्यांचा आवाज उतरला. “तुमचं म्हणणं खोटं नाय,” ते म्हणाले.

मी कुन्लेला हलक्या आवाजात सगळं सांगत होते. त्याने विचारलं, “ज्यांच्याबद्दल बोलतायत त्या कुठे आहेत?”

“स्वयंपाकघरात.”

“मोठं कोण आहे या घरात?”

मी उत्तर द्यायच्या आत तो उठला. पाहुण्यांच्या मधून, अण्णांच्या समोरून चालत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि तिथे वाकला. नेहमीसारखं बोटं टेकवून नाही, गुडघ्यांवर बसून, कपाळ जवळजवळ फरशीला लागेल इतका. आणि मोठ्या आवाजात त्याने ते माफीचं वाक्य म्हटलं.

दीर म्हणाले, “ह्ये काय चाललंय?”

आत्याच्या हातात पातेलं तसंच होतं. मला वाटलं आता ती मागे सरकणार. ती सरकली नाही. “बोल बाबा,” ती म्हणाली, “अजून लय बोलशील.”

तो बोलला. वर गेला, थांबला, खाली आला. मग उठला आणि कोपऱ्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्चीवर बसला नाही.

“काय म्हणला त्यो?” दिरांनी मला विचारलं.

“तो सांगत नाही. विचारायचं नसतं,” मी म्हणाले.

पण एव्हाना सगळे दाराकडे बघत होते. इतका वेळ जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती तिथेच उभी आहे, हे जणू त्यांना आत्ता दिसलं. आत्याने पातेलं खाली ठेवलं, बाहेर आली आणि कुन्लेच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. पाहुण्यांसमोर तिला खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“भाऊजी, त्यांनी बोलावलंय का मला?”

“त्यांना वाचा कुठं राहिलीय आता, वहिनी.”

“वाचा होती तवा?”

दिरांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“एखादी बाई ठेवा त्यांचं करायला. चांगली बघून ठेवा,” आत्या म्हणाली. “मी नाय येणार.”

तिने स्वतःच उठून सगळ्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला आणि ते गेले.

वहीत त्या रविवारची नोंद आहे. कुन्ले, आत्याला, दुपारी, का तेही सविस्तर. पुढे मोकळी जागा. एप्रिलमध्ये तो गेला. नंतर त्याची दोन-तीन पत्रं आली. मी मुद्दाम विचारलं होतं, त्या दिवशी तू काय म्हणालास? त्याने घरच्यांची खुशाली लिहिली, नोकरीचं लिहिलं, तेवढ्या प्रश्नाला बगल दिली. परवा डायरी आल्यावर मी आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “मला काय त्याची भाषा येतीय? चांगलं काहीतरी असंल.”

मला त्या म्हणी अजून हव्या आहेत. हे खोटं कशाला बोलू? पण आता वाटतं, मी सगळं शहाणपण शब्दांत शोधत होते आणि त्यातलं निम्मं त्या आधीच्या वाकण्यात होतं. म्हण काय वाट्टेल ती असेल. ती म्हणायला या खोलीत कुणाची परवानगी लागते, हे आधी डोळे उघडून बघावं लागतं. आमच्या घरात ते बघायला इबादानचा मुलगा यावा लागला याची मला लाजही वाटते आणि गंमतही.

त्याच रविवारी, पाहुणे गेल्यावर, ऊन उतरताना अण्णा आणि आत्या ओट्यावर बसले होते. मी पायरीवर. आत्या घड निवडायच्या कात्र्या ओल्या फडक्याने पुसत होती, द्राक्षाच्या रसाने त्या चिकट होतात. अण्णा भलतेच खुशीत होते.

“बरं झालं आक्का,” ते म्हणाले. “त्या वक्ताला मी धाडले वापस, आज तू धाडले.”

आत्या कात्री पुसत राहिली. मग वर न बघता म्हणाली, “त्या वक्ताला मला इचारलं असतंस, तर गेले असते मी.”

अण्णांचा चेहरा मला बघवेना. पंचवीस वर्षं ते ही गोष्ट छाती पुढे काढून सांगत आले होते. आम्ही दोघं भावंडं ती ऐकत मोठी झालो होतो.

त्यांनी विचारलं, “त्या माणसाकडं? दुसरी आणल्यावर बी?”

“त्यो गेला उडत,” आत्या म्हणाली. “बालवाडी होती माझी तिथं. मंदिराच्या मागं, पत्र्याखाली. मीच सुरू केलती. चौदा पोरं होती. सणाला म्हणून आले माहेरी, तवा चार दिसांनी येते म्हणून सांगून आले होते त्यांना.”

रस्त्यावरून क्रेट भरलेला टेम्पो गेला. मग अण्णांनी आत्याच्या पुढ्यातली एक कात्री उचलली, फडक्याचं दुसरं टोक हातात घेतलं आणि पुसता पुसता विचारलं, “नावं काय होती पोरांची?”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. खरंच विचारतोय का, याची खात्री करून घेतल्यासारखं. मग ती नावं सांगायला लागली. कोण कुणाचा, कोण रडका, कुणाला सारखी तहान लागायची, सगळ्यासकट. अकराव्याला ती अडली. अण्णा कात्री मांडीवर ठेवून थांबून राहिले. मग बारावं नाव आलं, तेरावं, चौदावं, आणि दिवे लागायच्या सुमाराला अकरावंही.